हिरव्या अल्बमची शेवटची पानं

माझा मामा एक्स-रे काढायचा. एकतीस वर्षं एकाच दवाखान्यात, तळमजल्यावरच्या खिडकी नसलेल्या खोलीत. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." आयुष्यभरात तो दुसरं काही बोलला असेल तर ते याहून कमीच भरेल. फिल्ममध्ये काय दिसलं ते सांगायची त्याला परवानगी नव्हती. माणसं आशेने त्याच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मामा भुवईसुद्धा हलू द्यायचा नाही. "डॉक्टर सांगतील," एवढंच.

घरी आला की हाच माणूस टपालाची तिकिटं घेऊन बसायचा. एकाच कंपनीचे अकरा हिरवे अल्बम. पानापानावर छापलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीवर पारदर्शक खिसा, आणि दरवर्षी कंपनीकडून येणारी नव्या पानांची पुरवणी. मामाने चिमट्यात तिकीट धरलं की आम्ही भाचरं गाल फुगवून श्वास रोखायचो, कारण समोरच्याच्या फुंकरीनेही तिकीट उडतं. ते खिशात नीट बसलं की मामा म्हणायचा, "सोडा." एकदा मी ऐन वेळी शिंकले आणि कुठल्याशा देशाचा राजा सोफ्याखाली गेला. मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मामीला तिकिटांतलं ओ की ठो कळत नाही. पण ती एका जहाज कंपनीत टपाल घ्यायच्या टेबलावर होती, आणि लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून निवृत्तीपर्यंत तिने रिकाम्या पाकिटांचे कोपरे कापून घरी आणले. "बाई, ऑफिसात उंदीर झालेत का?" असं साहेबाने एकदा विचारलंही होतं. कोपरे वाडग्यात भिजवायचे, तिकीट सुटलं की टॉवेलवर पालथं वाळवायचं, हे तीच करायची. अशी दोनशे बारा तिकिटं सातव्या अल्बममध्ये होती. एकेका खिशात दोन-दोन, तीन-तीन.

गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. हिरवे अल्बम बंद, ही पुरवणी शेवटची. मामाने पत्र दोनदा वाचलं आणि चहा तसाच ठेवून चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाल्याच्या दुकानामागे दर रविवारी चार तिकीटवेडे जमतात. त्या रविवारी चौघंही कोणी गेल्यासारखी बसली होती म्हणे. मला हसू आलं. मी मुळातच उतावळी, त्यात शहाणपण शिकवायची खोड.

"पान म्हणजे पान, मामा. त्यात काय एवढं?" असं म्हणत मी मोबाइलवरून दुसऱ्या कंपनीची पानं मागवली. मापही तेच, भोकंही तीच. इतकी छान मिळाली की चष्मेवाल्यालाही एक गठ्ठा पाठवला.

मामाने पान नाकाशी नेलं. "वास येतोय गं."

"नव्या वस्तूला येतोच."

"माझी राहू देत जुन्यातच," मामी म्हणाली. "दाटीवाटीने का होईना."

पण भरपूर खिसे बघून मामाला राहवेना. इतक्या वर्षांनी तिच्या प्रत्येक तिकिटाला स्वतंत्र जागा मिळणार होती. आठवडाभर बसून त्याने दोनशे बाराच्या दोनशे बारा हलवली.

आठ महिन्यांनी, म्हणजे गेल्या महिन्यात, चष्मेवाल्याने मामासमोर काउंटरवर आपला अल्बम उघडला. तिकीट ओढलं तर कागद हातात आला आणि रंग प्लॅस्टिकलाच राहिला. "घाम फुटतो या प्लॅस्टिकला," तो म्हणाला. "तुम्ही कोणती ठेवलीत हो यात?"

"अशीच थोडीफार," मामा म्हणाला, दवाखान्यातल्या चेहऱ्याने.

हे मला कळलं ते माझा चष्मा दुरुस्तीला टाकायला गेले तेव्हा. तशीच उठून मामाकडे गेले. मामा स्वयंपाकघरात अल्बमच्या कपाटाकडे पाठ करून बसला होता. कपाटाची किल्ली शर्टाच्या खिशात, चिमटाही तिथेच. बोलता बोलता त्याचा हात सारखा खिशाकडे जात होता. तेवीस दिवस त्याने कपाट उघडलं नव्हतं. मामीने दोनदा तिकिटं बघायला मागितली, तर चिमटा सापडत नाही म्हणाला.

"मामा, उघड ना."

"उघडत नाही तोवर ती चांगली आहेत."

"असं कुठे असतं?"

"काही माणसं फोटो काढून जायची आणि रिपोर्ट न्यायला यायचीच नाहीत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मला राग यायचा त्यांचा. मूर्ख म्हणायचो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती नको म्हणाली होती गं. मला भीती वाटते."

मामाला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पानं मी मागवली होती, वासावर उत्तरही मीच दिलं होतं. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कशाची भीती?" मामी दारात उभी होती. हातात दुधाचं पातेलं.

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. मामाने उठून कपाट उघडलं, सातवा अल्बम काढला. पान सुटं करून दोन्ही कडांना धरलं आणि फिल्म धरावी तसं खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ बघत राहिला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"ठीक आहेत ना हो?" मामीने विचारलं.

मामाने पान टेबलावर ठेवलं, चिमटा काढला, आणि अगदी पहिल्या तिकिटाला लावला. निळं जहाज होतं त्यावर, लग्नाच्या पहिल्या महिन्यातलं. "श्वास घ्या," तो म्हणाला. "धरून ठेवा."

आम्ही सवयीने धरला. तिकीट आधी हललंच नाही, मग हळूहळू निघालं. चिमट्यात पांढरा कागद होता. जहाज प्लॅस्टिकवर राहिलं होतं.

मी "सोडा"ची वाट बघत होते. मामा बोललाच नाही. चिमटा तसाच वर धरून बसला. मामी पातेलं छातीशी घट्ट धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती, त्या खोलीतली माणसं बघायची तशी.

शेवटी श्वास मीच सोडला. त्या दोघांनी अजून धरून ठेवला होता.