मेहुण्यांचं फिक्कं जेवण

माझ्या थोरल्या मेहुण्यांना देवानं कान दिले ते केवळ चष्मा अडकवायला, असं माझं स्पष्ट मत आहे. ऐकलेल्या गोष्टीवर त्यांनी आजवर विश्वास ठेवलेला नाही. स्वतः चाखावं, उचलावं, अंगावर घेऊन बघावं, तेव्हाच ती गोष्ट खरी. लेक लहानपणी दप्तर जड आहे म्हणाली, तर हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी ते चिमुकलं दप्तर पाठीला लावून भवानी पेठेतून शाळेपर्यंत चालत गेले, आणि लेक मागून मोकळे हात हलवत. डॉक्टरांनी तिला कडू औषध दिलं की पहिला चमचा यांचा. वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी भेटायला गेलो, तर त्यांच्यासाठी आणलेला वॉकर घेऊन हेच घरभर फिरत होते आणि वहिनी ओट्याला धरून उभ्या. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "वळताना अडकतोय की हा. तिला सांगून ठेवायला पाहिजे."

ती लेक गेल्या वर्षी कापडाचं डिझाइन शिकायला इटलीला गेली. मेहुणे रोज फोनवर विचारायचे, "काय जेवलीस?" ती म्हणायची, "पास्ता." "कसा होता?" "छान." त्या 'छान'नं यांची झोप उडवली. एवढ्यात सात रस्ता चौकाजवळ इटालियन हॉटेल निघाल्याची बातमी आली आणि आठवड्यानं आम्हा नवरा-बायकोला फर्मान सुटलं, "संध्याकाळी सातला तयार राहा. पोर काय खाते ते बघून येऊ." त्याआधीचा आठवडाभर त्यांनी काट्यानं शेवया गुंडाळून तालीम केली होती, असं वहिनी रिक्षात सांगत होत्या. दुपारी तर पोट रिकामं हवं म्हणून ते जेवलेही नव्हते.

हॉटेल झकास होतं. टेबलावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, भिंतीवर तो कललेला मनोरा. पास्ता आला, त्यावर शेंगाचटणीचा जाड थर, वरून कांदा-कोथिंबीर आणि कडेनं लालभडक तेल. मला आणि बायकोला तर पहिल्याच घासाला आवडला. मेहुण्यांनी मात्र एक घास खाल्ला आणि काटा खाली ठेवला. त्यांचा इतका पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"हे तर आपलंच आहे," ते म्हणाले.

"चांगलंय की दादा," माझी बायको म्हणाली.

"चांगलंच आहे गं. पण पोर हे खात नाही."

आणि उठून ते थेट स्वयंपाकघरात शिरले. भांडण नको म्हणून मीही मागोमाग गेलो. आचारी जवळच्याच मंद्रूप गावचा, धिप्पाड गडी. मेहुणे त्याला म्हणाले, "तिकडं इटलीत करतात तसं द्या."

"साहेब, तसलं फिक्कं हितं कुणी खात न्हाय. पयल्यांदा केलतं की आमी. समदं परत आलं."

"माझी मुलगी तिकडं शिकायला आहे. ती रोज काय खाते ते मला बघायचंय."

आचाऱ्यानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग पातेल्यात पाणी ओतत म्हणाला, "बसा तुमी. आणतो."

स्वतःच घेऊन आला. उकडलेला पास्ता, थोडं तेल, मीठ, वर किसलेलं चीज आणि मिरपूड. मेहुणे तो सावकाश, शेवटपर्यंत खात राहिले. वहिनींनी चटणी पुढं सरकवली, ती त्यांनी हातानं बाजूला केली. आम्हीही खायचं थांबलो होतो.

"कसं आहे?" वहिनींनी विचारलं.

ते पाणी प्यायले. "पोट भरतं. पण जेवल्यासारखं वाटत नाही."

"ती तर छान म्हणते."

"म्हणणारच की. तू इथं रडत बसशील म्हणून."

वहिनींनी चटणी परत आपल्याकडं ओढून घेतली.

तेव्हापासून रविवारी, आपल्याकडं चहाची आणि तिकडं जेवणाची वेळ होते तेव्हा, मेहुणे स्वतः पास्ता उकडतात. तेल-मिठाखेरीज त्यात काही घालत नाहीत. मग फोन तांब्याला टेकवून लेकीसमोर जेवायला बसतात. एकदा मी तिथं होतो. ती तिकडं खात होती, हे इकडं. मध्येच तिनं विचारलं, "बाबा, मीठ कमी पडलंय का तुमचं?"

"थोडं," ते म्हणाले.

"माझंही."

आणि दोघं पुन्हा खाली बघून जेवू लागले.