भरीव दार

शहाताकाका चहात पुदिना घालायचे आणि पान ओठाला लागलं की थुंकायचे. पेन्सिल उजव्या कानावर. डाव्यावर कधी नाही. कुणाच्या घरी गेले की बसण्याआधी कपाटावर टकटक करायचे. भुसा चाळून तीन डब्यांत ठेवायचे: बीचच्या लाकडाचा, अक्रोडाचा आणि "कुणालाच नको असलेला". कारखान्यातला नवा कारागीर फिकरी हसला की त्यांची पटाशी थांबायची.

इजिप्तमधल्या दमिएतच्या आमच्या गल्लीत, हाज बरकातांच्या कारखान्यात, ते प्लायवूड दुरुस्त करायचे. थरांमध्ये कुठे पोकळी राहिली असेल तर वरून दिसत नाही. काका बोटाच्या पेरानं फळीभर ठोकत जायचे. आवाज बदलला की पेन्सिलीनं गोल. तेवढं कोरून ठिगळ बसवायचं, कडेला भुसा आणि सरसाची लुगदी, मग घासायचं. मी समोरच्या कापडाच्या दुकानात बसतो. साहित्याची पदवी भिंतीवर आहे. दुपारचा चहा त्यांच्याकडे.

फिकरी रमजाननंतर मन्सूऱ्याहून आला. तो कोरत नसे. टाचणीएवढं भोक, इंजेक्शनच्या सुईनं आत सरस, वरून शिकंजा आवळायचा.

"काय डॉक्टर, पेशंट जगला का?" काका विचारायचे.

"तुमच्या ठिगळांपेक्षा धडधाकट आहे, काका."

सगळे हसायचे. काका चहा ओतून द्यायचे.

मग त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं. कपाटाची दारं बहिणीनं फिकरीकडून करून घेतली. सामान बघायला आली तेव्हा दारावर हात फिरवत म्हणाली, "अल्ला तुझ्या हातांना बरकत देवो, बाळा. आरसा आहे नुसता."

काका उठले. दारावर ठोकलं. पुन्हा ठोकलं.

"इथे पोकळ आहे."

"काका, तिथे मी सुईसुद्धा लावली नाही," फिकरी म्हणाला. "फळीच चांगली आली होती."

"मग कान धुऊन ये."

हाज बरकात म्हणाले, "शहाता म्हणाला ना? विषय संपला. कोर."

काकांनीच कोरलं. पहिला थर, दुसरा, तिसरा. सगळीकडे भरीव लाकूड.

कुणी हसलं नाही. फिकरीही नाही. तो हळूच म्हणाला, "होतं असं. कानही थकतात, काका."

गुरुवारी ढोलताशांत नवरीचं सामान ट्रकवर चढलं. कपाटाला एकच दार होतं. दुसऱ्याच्या जागी बहिणीनं गुलाबी चादर ताणून बांधली होती. काका कारखान्याच्या दारात उभे राहून बघत होते. दोन आठवड्यांत दार देतो, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

मी कॅफेत सगळ्यांना सांगत होतो, वय झालं, ऐकू कमी येतं. त्यांच्यापाशीही तेच म्हणालो.

"माझे कान ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "भरीव होतं. पहिल्याच ठोक्याला कळलं."

"मग?"

"ती त्याच्यासाठी दुवा मागत होती. माझ्यासमोर. तीस वर्षं तिच्या घरातलं प्रत्येक लाकूड मी सांभाळलं. मला कधी बाळा म्हणाली?"

 

त्या खड्ड्याला जुळेल असा तुकडा त्यांना सापडेना. रंग जमला तर लाकडाची रेघ जमायची नाही. फिकरीनं त्याच फळीचा उरलेला तुकडा आणून त्यांच्या बाकावर ठेवला.

"उचल तो," काका म्हणाले. "तुझ्या हातचं नको मला."

फिकरीनं उचलला नाही. तुकडा आठवडाभर तिथेच होता. काका त्याला वळसा घालून काम करायचे.

मंगळवारी सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

दफनानंतर मी कारखान्यात गेलो. दार भिंतीला टेकवलेलं होतं. बाकावरच्या फिकरीच्या तुकड्याचा एक कोपरा कापलेला. दारावरचा खड्डा मला लगेच सापडला नाही. ठिगळ बसलेलं होतं, रेघेला रेघ मिळालेली. मी कडेला नख लावलं. ते अलगद सुटून हातात आलं.

सरस लावायचा राहिला होता.