पार्किंगमधली सवत

डिसेंबरातल्या एका रविवारी गंगापूर रोडला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. आम्हीही गेलो होतो... म्हणजे आमचे हे, मी आणि माझी सवत.

सवत म्हणजे ॲम्बॅसिडर. ह्यांना ती निफाडजवळ एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये सापडली. टपावर कोंबड्या बसलेल्या, क्रीम रंग जागोजागी उडालेला, बॉनेटवर गंजाचे नकाशे... आणि मागच्या सीटवर मोरचुदाचा निळा डाग, कारण फवारणीचं सामान त्याच सीटवरून बागेत जायचं.

शेतकरीदादा किल्ली देताना ह्यांना म्हणाले, "बापाची गाडी हे, साहेब. रंग नका मारू. मंग वळखू नाय यायची."

झालं! ह्यांनी ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. तेव्हापासून तिला रंग नाही, पॉलिश नाही, डेंट काढणं नाही.

दर रविवारी सकाळी हे खाली पार्किंगमध्ये जातात. मऊ फडक्यावर दोन थेंब तेल घेऊन तिला हळूहळू पुसत बसतात. गंज काढायचा नसतो म्हणे... फक्त वाढू द्यायचा नसतो. ते फडकं म्हणजे माझ्या पहिल्या दिवाळसणाची सुती साडी, हेही जाता जाता सांगते.

दसऱ्याला तिला झेंडूचा भरगच्च हार आला, माझा गजरा राहिला. "पंचवटीत काय गर्दी होती गं"... हार घेताना नव्हती वाटतं गर्दी!

जळते मी तिच्यावर. सरळच सांगते, त्यात लाजायचं काय? तिचं दार कुरकुरलं की हे कान देऊन म्हणतात, "ऐक... काय आवाज आहे!" माझे गुडघे कुरकुरले की म्हणतात, "वजन कमी कर."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी म्हणाले, "उद्या फोटोबिटो निघतील... केसांचं बघ जरा." मग माझा अर्धा शनिवार पार्लरमध्ये गेला. गाडी मात्र होती तशी निघाली. धुतलीसुद्धा नाही!

मैदानावर लाल, हिरव्या, चकाचक गाड्या रांगेत उभ्या होत्या. टिकली नीट करून घ्यावी इतक्या लख्ख. आणि गर्दी कुठे? आमच्या गंजक्या बाईभोवती.

पुण्याहून आलेले पांढऱ्या मिशांचे परीक्षक तिच्यासमोर चक्क उकिडवे बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "नवी कुणीही करतं हो. जुनी राहू देणं अवघड... हात शिवशिवतात. रंग चढवला की संपलं, गेलेली वर्षं परत आणता येत नाहीत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे हे लाजले... ह्यांना असं लाजताना मी थेट आमच्या लग्नात पाहिलं होतं. "वहिनी, नशीबवान आहात," परीक्षक मला म्हणाले. मी हसले. ताज्या डायने टाळू चुणचुणत होती.

गर्दी पांगल्यावर मी एकटीच तिच्याजवळ गेले. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती. ड्रायव्हरच्या खिडकीच्या कडेचा रंग पार झिजून आतला पत्रा दिसतो. त्या दादांचे वडील वर्षानुवर्षं तिथे कोपर टेकवून गाडी चालवायचे.

मी तिथे हात ठेवला. उन्हाने पत्रा उबदार झाला होता, आणि किती गुळगुळीत... हिची वर्षं लोक वाकून वाकून बघतात, आणि माझी मी दर महिन्याला डाय लावून मोरीत धुऊन टाकते.

त्यानंतर मी ना पार्लरची पायरी चढले, ना घरी डाय लावला.

जानेवारी संपता संपता भांगात पांढरी पट्टी दिसायला लागली. जेवताना ह्यांनी दोनदा वर पाहिलं. मग म्हणाले, "अगं, डाय संपलाय का? येताना घेऊन येऊ?"

"ओरिजिनल आहे," मी म्हटलं. "हात लावायचा नाही."

मला वाटलं होतं, हे हसतील. मीही हसणार होते, तयारीच होती माझी... पण बोलताना माझाच आवाज कापरा झाला. मी भात आणायच्या निमित्ताने उठून गेले.

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे फडकं आणि तेल घेऊन हे दारापर्यंत गेले. चपला घातल्या... आणि परत काढल्या. स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. बघते तर वाटीत खोबरेल कोमट करत होते, तेही दूध तापवायच्या भांड्यात वाटी ठेवून!

गॅलरीत खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस जरा."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या केसांना कधी तेल लावलं नव्हतं. बोटं जड होती, पण हळू चालत होती... अगदी तिच्यावर चालतात तशी. कानामागे थांबून म्हणाले, "इथले छान दिसतात गं." मी मान आणखी थोडी वाकवली.

चहा गार झाला. कुणीच उठलं नाही.

खाली ती उभी होती, अंगावर आठवड्याची धूळ घेऊन. मी कठड्यावरून वाकून बघितलं आणि मनात म्हटलं... थांब गं बाई जरा. आज तुझा नंबर दुसरा.