मगदूम सर आणि आम्ही अकरा जणी

मगदूम सर गेल्याचं शोभानं फोन करून सांगितलं, तेव्हा मी शाळेच्या मैदानावर चुन्यानं रेघा मारत होते. हात पांढरे झालेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. "सर गेलं गं सकाळी," एवढं म्हणून ती रडायला लागली. शोभा आमची कॅप्टन. आता पोलिसात आहे, सहसा रडत नाही. मी कधी, कसं ते विचारलं, अंत्यविधीची वेळ विचारली आणि उरलेल्या रेघा पूर्ण केल्या. वाईट वाटलं नाही असं नाही... पण खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. आता एखाद्या लग्नात सर अचानक समोर येतील आणि या वयातही माझी पाठ आपोआप ताठ होईल, ही भीती संपली होती.

सर एका शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि जिल्ह्याचा सतरा वर्षांखालच्या मुलींचा हॉकी संघ तेच बांधायचे. मी कोडोलीची. घरी म्हशी, थोडा ऊस, आणि पोरीनं हाफ पँट घालून पळायचं म्हटल्यावर नाक मुरडणारी भावकी. शाळेच्या स्पर्धेत मला एकदा पाहून सर स्कूटरवरून थेट आमच्या दारात आले होते. चहा घेतला, म्हशींची चौकशी केली आणि वडिलांना म्हणाले, "पावणं, पोरगी दोन वर्सं माझ्या ताब्यात द्या. मी हिला गोलकीपर करतो. पर मधी बोलायचं न्हाय." वडिलांनी दिली. कुणी मास्तर आपल्या पोरीसाठी आपणहून दारात आला, याचंच त्यांना इतकं अप्रूप होतं, की शेवटच्या वाक्याचा अर्थ त्यांनी विचारलाच नाही.

पहिले पंधरा दिवस सरांनी मला हात मागं बांधून गोलमध्ये उभं केलं. स्टिक नाही, हातमोजे नाहीत, फक्त पायाला पॅड. समोरून मुलींनी चेंडू मारायचे आणि मी हलायचं नाही. बरगडीवर, मांडीवर काळेनिळे डाग पडायचे. आई शेकताना शिव्या घालायची, कुणाला ते मात्र सांगायची नाही. सोळाव्या दिवशी सरांनी हात सोडले, तेव्हा चेंडूची भीती अंगातून गेलेली होती. कायमची गेली. पुढं माझ्या पॅडची शिवण उसवली, तर ती त्यांनीच शिवून आणली. चष्मा नाकावर ओढून, दाभण घेऊन, घरी बसून. मी हे मुद्दाम लिहितेय. ते नुसते मारकुटे असते, तर त्यांच्याबद्दल लिहायला काही अवघड नव्हतं.

संघात कबनूरची एक मुलगी होती. तिला इथं सारिका म्हणते. नाव बदलायला तिनं सांगितलेलं नाही, मीच बदललंय. वडील यंत्रमागावर कामाला, घराला लागूनच मागांचा कारखाना, त्यामुळं केसांत सदा कापसाची भुकटी. ती लेफ्ट विंगला पळायला लागली की प्रेक्षक बोलायचे थांबत. सगळ्यांत चांगली खेळाडू तीच, आणि सरांच्या तोंडची बोलणी सगळ्यांत जास्त तिलाच. ती चांगली खेळली तर सर आमच्यासमोर तिची चूक सांगायचे, वाईट खेळली तर तिचा बाप काढायचे. लोखंड तापवल्याशिवाय वाकत नाही असं काहीतरी ते म्हणत, आणि आम्ही माना डोलवायचो. आमच्या वाट्याचं तिला बसतंय, याचं आम्हाला बरंच वाटायचं. कबनूरहून पहिल्या गाडीनं येऊनही तिला दोन मिनिटं उशीर झाला, तर मैदानाला दहा फेऱ्या. त्या फेऱ्या संपेपर्यंत आम्ही सावलीत बसून पाणी प्यायचो.

राज्य स्पर्धा परगावी होती. एका शाळेच्या वर्गात बाकं सरकवून आम्हाला उतरवलं होतं. उपांत्य सामन्याच्या सकाळी सारिकाला ताप होता, खोकताना ती पोट धरत होती. तिनं सरांना सांगितलं की दम लागतोय, आज नको. सरांनी आम्हाला सगळ्यांना भिंतीकडेला उभं केलं, तिला मध्ये, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ही म्हणती मी आजारी हाय. मला वाटतंय नाटक करतीया. मी कशाला ठरवू? तुमची टीम हाय. नाटक वाटतंय त्यांनी हात वर करा." आणि माझ्याकडं बघितलं.

मी हात वर केला. माझ्यामागून एकेक हात वर गेला. शोभाचा सगळ्यांत शेवटी, कोपरात वाकलेला. सारिकानं कुणाकडंच पाहिलं नाही. खाली बसली आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागली.

ती खेळली. उत्तरार्धात तिच्याच पासवर आमचा गोल झाला. आम्ही मिठ्या मारत होतो तेव्हा ती बाजूच्या रेषेजवळ गुडघ्यांवर बसलेली होती, आणि ओठांचा रंग लांबूनसुद्धा वेगळा दिसत होता. सर काठावरून ओरडले, "ऊठ, मॅच संपल्याली न्हाय." ती उठली, दोन पावलं टाकली आणि तोंडावर पडली. तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया होता. दुसऱ्या दिवशी आम्ही अंतिम सामना जिंकलो. फोटो काढला, त्यात ती नव्हती. सरांनी प्रमाणपत्रांच्या यादीतूनही तिचं नाव काढलं. जी फायनल खेळली नाही तिचं नाव कशाला, म्हणाले. त्या प्रमाणपत्राच्या कागदावर, खेळाडूंच्या कोट्यातून, पुढं शोभा पोलिसात गेली, मला खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली, आणखी चौघींचं भलं झालं. सारिका पुन्हा कधी मैदानावर आली नाही. सर तिच्या घरी एकदाच गेले आणि वडिलांना सांगून आले, की पोरगी नाजूक आहे, तिला हे झेपणारं नव्हतं.

मी आता कागल एमआयडीसीजवळच्या एका शाळेत मुलींना हॉकी शिकवते. कुणी म्हणाली आज जमत नाही, तर तिला बसू देते. अठरा वर्षांत माझ्या हाताखालून एकही मुलगी राज्यापर्यंत पोचलेली नाही. सरांच्या हाताखालून तीसेक गेल्या. खेळाच्या शिक्षकांच्या सभांमध्ये सरांची बाजू घेणारे हेच मोजून दाखवतात.

दहाव्यानंतर शोकसभा झाली. सरांच्या पत्नी पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर एकेक जण उठून सरांचं मोठेपण सांगत होता. माझी पाळी आली. घरून मी ठरवून गेले होते, की सारिकाचं नाव घ्यायचं. माइक हातात आला, पाठ ताठ झाली आणि मी म्हणाले की आज मी जी काही आहे ती सरांनी मला घडवलं म्हणून. टाळ्या झाल्या. सरांच्या पत्नींनी माझे दोन्ही हात धरले.

पुढच्या रविवारी मी कबनूरला गेले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. सारिका घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. मशीनजवळ दम्याचा पंप ठेवलेला होता. तिनं मला ओळखलं, बसायला पाट दिला, हातातलं काम मात्र थांबवलं नाही. सर गेल्याचं तिला कळलं होतं. मी बराच वेळ सरांबद्दल बोलले. त्यांनी तिचं कसं वाटोळं केलं, आम्ही किती लहान होतो, त्यांना आम्ही किती घाबरायचो. शेवटी म्हणाले, हात वर केला त्याची मला माफी मागायचीय.

तिनं दोरा तोडला. "सरांचं मी कवाच सोडून दिलं," ती म्हणाली. "त्यांला काय म्हाईत हुतं? ते दुसऱ्या खोलीत झोपायचं. तू माझ्या शेजारी हुतीस. तीन दिवस माझा खोकला तू ऐकत हुतीस. माझ्या पाठीला बाम तूच चोळला हुतास."

मग विषय बदलावा तसं तिनं विचारलं की शोकसभेत कोण कोण आलं होतं, मी काय बोलले. खोटं सांगायचं धाडस झालं नाही. मी म्हणाले, "सरांनी मला घडवलं, असं बोलले."

सारिकानं मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"खरं हाय की ते," ती म्हणाली आणि मशीन सुरू केली.