खुळखुळ्याचं पुस्तक

आमच्या वनस्पतीशास्त्र विभागात दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही. नमुन्याची झाडं दाबून वाळवायला आणलेली जुनी वर्तमानपत्रं आणि पाटील सरांचे किस्से. वर्तमानपत्रं निदान रद्दीत तरी जातात!

सर रिटायर झाले, तरी रोज येतात. पिवळ्या फुलांचा खुळखुळा असतो ना, ज्याच्या वाळक्या शेंगेत बिया वाजतात, त्याच्या मोनोग्राफमध्ये सरांचं अर्धं आयुष्य गेलं. मोनोग्राफ म्हणजे त्याच्या सगळ्या जाती तपासायच्या, आजवर ठेवलेली सगळी नावं गोळा करायची आणि कुठलं राहील, कुठलं जाईल, याचा एकदाचा निकाल लावायचा.

म्हसावदला, गावी, सरांच्या आईंनी एकदा विचारलं, "एकच झाडनं इतलं मोठं पुस्तक? बाकीना झाडेस्नी तुन्हं काय बिघाडेल शे?"

सर म्हणाले, "आई, आते हाई तरी पुरं होऊ दे!"

पुस्तक पुरं झालं तेव्हा आई नव्हत्या.

*

सरांच्या भाचीचं लग्न चिंचपाड्याजवळ होतं. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली आणि नवरीच्या मागे उभा राहायला मामाच नाही! शोधाशोध झाली. तेवढ्यात सर धापा टाकत मांडवात आले. पँटला चिखल, हातात रोपटं.

"शेंगा पण मिळाल्या!"

भाची मुंडावळ्यांतून बघत म्हणाली, "मामा, आज तरी मन्हाकडे देख!"



*

आमच्या विभागातल्या शेख मॅडमना तोरणमाळला खुळखुळ्याची नवी जात सापडली होती. त्यांनी तिला आपल्या वारलेल्या अब्बांचं नाव दिलं. अब्बा नंदुरबारला शिवणकाम करायचे. आमचे झाडं दाबायचे पट्टे त्यांनीच शिवून दिलेले.

मोनोग्राफ करताना सरांना कळलं, की हीच जात फार पूर्वी कुणीतरी दुसऱ्या नावानं नोंदवली आहे. नियमाप्रमाणे जुनं नाव राहतं. सर मॅडमसमोर यायचंच टाळू लागले.

शेवटी मॅडमनीच गाठलं. "सर, अब्बांचं नाव गेलं ना?"

सरांनी जुन्या नोंदीचा कागद पुढे केला. तो वाचून मॅडम म्हणाल्या,

"जाऊ द्या. वाकडी शिवण अब्बा गिऱ्हाइकाला कधी देत नव्हते, उसवायचे."

पुस्तकात ते नाव जुन्या नावाखाली बारीक अक्षरात आहे. मॅडम कधीकधी ते पान उघडून नुसत्या बसतात.

*

आमच्यातले वसावे सर मूळ मणिबेली गावचे. धरणाचं पाणी चढलं आणि त्यांचं घर, शेत, सगळं खाली गेलं. एकदा ते म्हाताऱ्या वडिलांना विभाग दाखवायला घेऊन आले. पाटील सरांनी हौसेनं कपाटातून एक कागद काढला. त्यावर खुळखुळ्याचं वाळलेलं रोप चिकटवलेलं. पाणी यायच्या आधी, तरुणपणी सरांनी मणिबेलीच्या नदीकाठावरून आणलेलं.

"घाईत मुळं धुवायची राहिली," पाटील सर ओशाळून म्हणाले.

म्हातारबा वाकले. फुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. मुळाशी वाळून बसलेल्या मातीवर बोट टेकवलं आणि भिलीत हळूच काहीतरी बोलले.

 वसावे सर म्हणाले, "झाड तुमच्याकडे राहू द्या म्हणतात. माती देता का, विचारतात."

त्या कागदाला आम्हाला कधी हात लावू न देणाऱ्या पाटील सरांनी ब्रश घेतला आणि मुळांखाली पाकीट धरलं.