सेवकरामांची ब्रांच

साकोलीच्या सेवकरामांची सारी नोकरी टपालात गेली. ब्रांच म्हटलं की त्यांना टपालाची थैलीच दिसे. ती एका ब्रांचमधून निघाली की तिथं काही उरत नाही, आणि दुसरीकडं पोचली नाही तर गहाळ. आता अशा माणसाला कुणी गिटवर, म्हणजे फाईलच्या जुन्या-नव्या साऱ्या प्रती सांभाळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर, बसवावं का? पण भंडाऱ्याच्या गुंजननं बसवलं. ही पोरगी झाडीबोलीचा शब्दकोश कॉम्प्युटरवर जमवत होती. गावागावाच्या शब्दांसाठी वेगळी ब्रांच, म्हणजे कोशाची स्वतंत्र प्रत, काढायला तिनंच शिकवलं.

सेवकरामांनी ‘सिहोरा’ काढली, कारण त्यांची थोरली बहीण कुसुमताई तिथं राहायची; ते तिला ‘बाई’ म्हणत. बांधी, पऱ्हे, पुंजणा... भातशेतीचे शब्द ताई सांगत गेली, हे एका बोटानं टाइप करत गेले आणि टपालाच्या शिक्क्यासारखं रोज कमिट करून नोंद पक्की करत गेले. कागदावर एक अक्षर उतरवलं नाही. दिवाळीनंतर ताईला लकवा मारला. वाचाच गेली.

परवा सकाळी ताईचे शब्द पाठवायचे म्हणून त्यांनी मोठ्या ऐटीत मेन ब्रांचवर, म्हणजे मूळ कोशावर, स्विच केलं आणि फाईल उघडली. ताईचा एक शब्द नाही! सेवकरामांनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, देवाचं नाव घेतलं. शेवटी गुंजनला फोन लावला.

“काकाजी, तुमी कोनत्या ब्रांचवर आहा?”

“मी तं कवाचाच रिटायर झालो, पोरी!”

“तसं नाही. ‘स्विच सिहोरा’ टाका.”

टाकलं. सगळे शब्द जिथल्या तिथं. सेवकरामांना आनंद झाला, पण डोकं आणखीच गरगरलं.

“मी तं मेनले पाठवले होते न?”

“पाठवले नाही, काकाजी. तुमीच गेले तिकडं. शब्द इथंच होते.”

“काय सांगून राहिली तू? मानूस गेला अन् टपाल राह्यलं?”

बोलता बोलता ते फाईलच्या तळाशी आले. शेवटचा शब्द धानाच्या, म्हणजे भाताच्या, एका जुन्या वाणाचं नाव होतं. तो वाण कसा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अर्थाच्या रकान्यात त्यांनीच लिहिलेलं होतं : ‘बाई उद्या सांगतो म्हणते.’

सेवकरामांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“गुंजन, दिवाळीच्या आंधीवर स्विच करता येते का?”

“येते न, काकाजी. जुन्या तारखेवर जाता येते. सगळं तवासारखंच दिसते.”

“मंग तिथं बाई बोलते का वो?”