बजाबाईच्या अंगातली देवी

तेव्हा सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला की अख्ख्या चाळीत चुली पेटायच्या. बहात्तरचा दुष्काळ सरून ज्वारी पुन्हा घरात दिसू लागली होती, अन् भाकरी बडवण्यात बजाबाईचा हात धरणारी चाळीत कुणी नव्हती. पण त्या साली चुलीपुढं बसलं की तिच्या छातीतून वाफ उठायची ती थेट डोक्यात. घाम फुटायचा, काळीज धडधडायचं, कारण नसताना रडू यायचं. पाळी मागंपुढं व्हायला लागली होती. पण हे बोलायचं कुणाशी? नवऱ्याशी? छे!

एका शुक्रवारी देवळात अंबाबाईच्या आरतीत ती वाफ आली. बजाबाईनं डोक्यावरचा पदर भिरकावला, अंबाडा सोडला अन् डुलत डुलत "पाणी, पाणी" म्हणून ओरडली. झालं! शेजारची सोनाबाई हळदकुंकू घेऊन धावली, "आई आली गं, अंबाबाई आली!"

बजाबाई खरं सांगणार, तेवढ्यात नवऱ्यानं, कुंडलिकानं, तिच्या पायावर डोकं टेकलं. लग्न झाल्यापासून ज्यानं पाण्याचा तांब्या कधी हातानं भरला नाही, तो म्हणाला, "आई, आजपास्नं चुलीपुढं बसायचं न्हाई." मग कशाला बोलतेय बाई! आयती विश्रांती मिळाली, घेतली तिनं. तुम्ही नसती घेतली?

पण देवीपण फुकट मिळत नसतं. पुढच्या शुक्रवारी सोनाबाई आपल्या सुनेला, भीमाला, ओढतच घेऊन आली. भीमाची कूस उजवली नव्हती.

"आई, माज्या महिपतीला दुसरी बायकू करू का? कौल दे."

भीमा ओठ दातांत धरून उभी होती. खरं सांगावं तर चाळ तोंडात शेण घालणार; गप्प बसावं तर पोरीच्या उरावर सवत. बजाबाईला पुन्हा घाम फुटला, अन् या खेपेला तिनं तो लपवला नाही.

"सवत आणलीस तर माजा कोप हुईल!" ती गरजली. सोनाबाईनं तिथंच लोटांगण घातलं.

घरी आल्यावर सासूनं, गोजरबाईनं, हळूच विचारलं, "विटाळ जायला लागलाय व्हय गं?"

बजाबाईचा बांधच फुटला. "व्हय, आत्याबाई."

"माज्या बी अंगात हीच देवी आली हुती. पण तुज्या सासऱ्याला भूत वाटलं. निंबाच्या फोकानं झोडपलं मला." म्हातारी हसत सांगत होती, डोळे मात्र भरलेले.

दुसऱ्या दिवसापासून सासूनं सुनेला हाताशी धरलं. चहा बंद, मिरची कमी. सोलापुरात मिरची सोड म्हणजे माशाला पाणी सोड म्हणण्यासारखंच! भाकरीबरोबर जवसाची चटणी, रात्री भिजवलेल्या धण्या-जिऱ्याचं पाणी, मानेवर ओला पंचा, अन् सांजेला सासू-सुनांनी तळ्यापर्यंत चालत जायचं. वाफा साफ गेल्या नाहीत, पण सोसवायला लागल्या. चुलीपुढं ती पुन्हा बसली. देवी मात्र परत आली नाही, अन् महिपतीला दुसरी बायकोही आली नाही.

गिरणी बंद पडली, भोंगा गेला, गोजरबाईही गेली. तळ्याकडं पाहिलं की बजाबाईला अजून सासूची सावकाश चाल आठवते. अशाच एका सांजेला भीमा दारात आली, घामानं निथळलेली.

"मावशी, माज्या बी अंगात देवी आली की वो!"

बजाबाई चपापली. "म्हंजे तुला ठाव हुतं?"

"तवाच. देवळात इतकी वर्सं पदर पसरला मी, कुठली देवी माज्या बाजूनं बोलली न्हाई. बोलला ते तुमीच."

बजाबाईनं जवसाच्या चटणीची बरणी उतरवली अन् भीमाला ताटावर बसवलं.